मोरजकरांचा पाट

मोरजकरकाकांच्या गाडीतून जाणं म्हणजे बसणं कमी आणि उतरणं जास्त. समोर स्पीडब्रेकर दिसला की काका गाडी थांबवायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "उतर गं नंदे." मी उतरायची. माझं वजन गेलं की गाडी बोटभर वर यायची आणि तेवढ्या बोटभर जागेच्या जिवावर काका ती पलीकडे काढायचे. मग मी चालत जाऊन पुन्हा बसायची. त्या काळी मी अंगानं चांगलीच भरलेली होते. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आग्रा रोडवरच्या झाडून सगळ्या पानवाल्यांना माझ्या वजनाची ही जाहीर दखल रोज सकाळी बघायला मिळे. सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर काही वाटेनासं झालं. लाज हीसुद्धा सवयीनं झिजते.

"मला आणताच कशाला गाडीत?" मी एकदा चिडून विचारलं. "मी नसले तर उतरवायला कुणी लागणारच नाही."

"मग शैलाशी गप्पा कोण मारणार? माझं लक्ष रस्त्यावर," काका म्हणाले.

शैला त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची. अगदी लहानपणी तिला पोलिओ झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. सुताराकडून करून घेतलेल्या, खाली चाकं लावलेल्या एका बुटक्या चौरंगावर ती बसायची आणि दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरून जमिनीला रेटा देत हवं तिकडे जायची. तिचे दंड पैलवानाचे होते आणि जीभ त्याहून मजबूत. घाटकोपरच्या एका बँकेत ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली होती, अजून कायम व्हायची होती. तिथं तिच्यासाठी एका टेबलाचे पाय कापून दिले होते. माझं ऑफिस त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. आमची आई आणि शैलाची आई जिवाभावाच्या मैत्रिणी. काकी शैला शाळेत असतानाच गेल्या. तेव्हापासून मोरजकरांच्या घरात स्वयंपाक, धुणं, भांडी, मुलगी, सगळं काकाच बघायचे.

काका वेंगुर्ल्याकडचे. उंच, हडकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि बारा महिने हातात छत्री. इतका लांबलचक माणूस इतक्या बुटक्या गाडीत कसा मावतो, याचं कॉलनीला कोडं होतं. स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी गुडघे वर आलेले, मान टपाखाली वाकवलेली, असे ते कपाटात घडी घालून ठेवल्यासारखे बसायचे. गाडी परदेशी बनावटीची होती, तिचे सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. आत बसलं की जेवायला पाटावर बसल्यासारखं वाटायचं, म्हणून कॉलनीतल्या कुणीतरी तिचं नाव पाट ठेवलं आणि ते चिकटलं. 'मोरजकरांचा पाट निघाला' म्हणजे साडेआठ झाले असं बायका समजायच्या.

निघण्याआधी काका जमिनीवर पालथे पडून गाडीच्या पोटाकडे बघायचे. इंजिनाखाली तेलाची जी परात असते तिला सगळे चेंबर म्हणतात. चेंबर फुटला की तेल वाहून जातं आणि गाडी जागच्या जागी मरते. काकांचा सगळा जीव त्या चेंबरमध्ये होता. नवा स्पीडब्रेकर दिसला की ते उतरून छत्रीनं त्याची उंची घ्यायचे. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी खिळ्यानं एक खूण करून ठेवली होती. खुणेच्या खाली असला तर चेहरा उजळायचा. वर असला तर गाडी पार उजवीकडे घ्यायची, मग तिरकी करायची, आणि अर्ध्या क्लचवर, सरपटत, एकेक चाक चढवायचं. "आधी डावं चाक. मग उजवं. मग देवाचं नाव," हे ते दर वेळी पुटपुटायचे. मागे हॉर्नचा कल्लोळ. एखादा ट्रकवाला आईबहिणीवर आला की एरवी शब्दाला शब्द न लावणारे काका खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "गप रव मेल्या! गाडयेत माझां चेडू आसा!" गाडीत माझी पोर आहे, असं ते मालवणीत सांगत; ट्रकवाल्याला त्यातलं अक्षरही कळत नसणार, पण तो गप्प व्हायचा.

एवढं करूनही कधी कधी खालून खर्रर्र असा आवाज यायचाच. मग काका ताबडतोब ब्रेक दाबून शैलाकडे वळायचे. "लागलं गं?"

"मला नाही रे बाबा, चेंबरला लागलं," शैला म्हणायची.

दर वेळी हाच प्रश्न आणि दर वेळी हेच उत्तर. आम्ही दोघी हसायचो. काका हसत नसत.

इतका त्रास, तर दुसरी गाडी का घेतली नाही, असं मला लोक विचारतात. नव्या मारुती तेव्हा रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, फियाट तर होत्याच. पण कारण होतं. गाडी नव्हती तेव्हा शैलाला कॉलेजला टॅक्सीनं न्यावं लागे, आणि टॅक्सीची सीट उंच. काका एकीकडून आणि टॅक्सीवाला दुसरीकडून, असं दोघांनी मिळून तिला उचलायचं. रोज वेगळा टॅक्सीवाला. कुणी तोंड फिरवून उचलायचा, कुणी नको तिथे हात लावायचा. एके दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी पोतं नाही." आणि कॉलेज सोडते म्हणून बसली. पुढचे कित्येक रविवार काका चौरंगाच्या उंचीची दोरी खिशात घालून लोकांच्या विकायला काढलेल्या गाड्यांच्या सीटा मोजत फिरले. शेवटी अंधेरीला एका म्हाताऱ्या पारशाच्या गॅरेजमध्ये त्यांना ही गाडी मिळाली. सीट चौरंगाच्या बरोबर. शैला गाडीला चौरंग भिडवायची, दरवाजाच्या कडीला धरून एका झटक्यात आत सरकायची, आणि तशीच बाहेर यायची. कुणाचा हात नाही, कुणाचं 'अरे सांभाळून' नाही. चौरंग डिकीत टाकणं एवढंच काम दुसऱ्याचं. पहिल्या दिवशी ती कॉलनीतल्या सगळ्यांसमोर चार वेळा आत गेली आणि चार वेळा बाहेर आली. काका बाजूला उभे राहून छत्रीची मूठ चोळत होते.

भांडुपचा रफिक मेकॅनिक त्यांना कायम सांगायचा, "काका, पाटे बसले तुमचे. एक पान वाढवून देतो, गाडी मस्त वर येईल. चेंबरचं टेन्शनच खलास." पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, त्यातली एकेक पट्टी म्हणजे पान. काकांनी खूप दिवस टाळलं आणि एकदा मनावर घेतलं. गाडी दोन बोटं वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी शैला नेहमीसारखी सरकली आणि सीटच्या कडेला आपटून गाडी आणि चौरंगाच्या मधे खाली पडली. चौरंग उंच करावा तर तिचे हात जमिनीला टेकत नव्हते. खरचटलं फारसं नव्हतं, पण ती तिथंच बसून राहिली आणि मी हात पुढे केला तर म्हणाली, "हात लावू नको नंदू." काका त्याच दिवशी भांडुपला गेले आणि पान काढून आले. त्यानंतर रफिकनं तो विषय कधी काढला नाही.

असे दिवस गेले असते तरी चाललं असतं. पण मुंबईतले रस्ते दर वर्षी वर येतात. जुना थर खरवडायचा नाही, त्यावरच नवं डांबर ओतायचं, ही पद्धत तेव्हाही होती. रस्ता वर येत होता आणि पाटे थकल्यामुळे गाडी खाली बसत होती. आमच्या कॉलनीचं फाटक आधी रस्त्याच्या पातळीला होतं. मग तिथं छोटा चढ झाला. मग चांगली घसरगुंडीच झाली. फाटकातून बाहेर पडताना गाडीचं नाक आकाशाकडे जायचं आणि काकांच्या कपाळावर घाम यायचा.

त्यातच पाण्याच्या टँकरखाली सापडून आमच्या गल्लीतली एक शाळकरी मुलगी गेली. सगळी गल्ली पेटली. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर झालाच पाहिजे, महापालिका घालत नसेल तर आम्ही घालू, असं मीटिंगमध्ये ठरायला लागलं, आणि बोलता बोलता एकेकाची नजर काकांकडे वळली. सेक्रेटरी चाचरत म्हणाले, "मोरजकर, तुमचं काय म्हणणं?"

काका उभे राहिले. "माझं काय असणार? पोर गेली ती गेली. घाला. फक्त उतार लांब ठेवा."

उतार लांब कोण ठेवतो? पोरांनी विटांचे तुकडे आणि डांबर आणून घातलं, आणि जो तयार झाला तो गतिरोधक कसला, आडवा बांधच होता. काम चालू असताना काका तिथं छत्री टेकून उभे होते. "जरा पसरट करा रे, पसरट," म्हणत होते. मेलेल्या मुलीचा बाप तिथंच बसला होता. त्याच्यासमोर काकांना जोरात बोलता येईना.

शैलाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस." तिच्या मनात किंतु नव्हता. काकांच्या मनात मात्र त्या दिवसापासून काहीतरी बसलं. आमच्या गल्लीचं बघून शेजारच्या गल्ल्यांनी घातले, मग शाळांनी, मग देवळांनी. काका पहाटे उठून घाटकोपरच्या वाटेवर पायी जायला लागले. कुठे नवा झालाय, कुठे जुना उंच केलाय, कुठला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. डिकीत त्यांनी चुन्याचा डबा आणि ब्रश ठेवला होता. ज्याच्यावर पट्टे नसतील त्याच्यावर ते स्वतः पांढरे पट्टे ओढायचे. एकदा कांजूरमार्गला एका हवालदारानं त्यांना हटकलं. काकांनी त्याला इतकं समजावलं की शेवटी तो रहदारी अडवून उभा राहिला आणि काकांनी पट्टे पुरे केले. ही गोष्ट मी हसत हसत सगळ्यांना सांगायची. आता सांगताना हसू येत नाही.

त्या काळातला एकच दिवस मला निर्मळ आठवतो. शैलाच्या वाढदिवसाला काका आम्हा दोघींना जुहूला घेऊन गेले. समुद्र गाडीतूनच बघितला, भेळ गाडीतच खाल्ली. मग काकांच्या डोक्यात आलं की पोरीला मोठ्या हॉटेलात चहा पाजायचा. हॉटेलचा चढ चांगला उंच होता. मी उतरले. काकांनी तिरकी घेतली, सगळं व्यवस्थित झालं आणि अगदी दरवाजापाशी, झुपकेदार मिशांच्या दरवानासमोर, पोट घासलं. खर्रर्र. आतले लोक बाहेर बघायला लागले. काका स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. शैला मात्र काच खाली करून दरवानाला म्हणाली, "भाऊ, चहाला किती घेता? त्याच्यावर ठरवू, आत यायचं की नाही." दरवानानं आकडा सांगितला. आम्ही जसे आलो तसे परत निघालो. परतीच्या वाटेवर काका पहिल्यांदा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पुढच्या पावसाळ्याआधी आग्रा रोडला नवा थर पडला, आणि विक्रोळीच्या अलीकडे, काकांनी आदल्याच दिवशी पाहून ठेवलेल्या एका स्पीडब्रेकरवर, चेंबर फुटला. एका रात्रीत कुणीतरी तो वाढवला होता. तेल रस्त्यावरून गटाराकडे वाहत गेलं. काका रफिकला आणायला भांडुपला धावले. मे महिन्याचं ऊन, गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी. लोक जमले. "बहेनजी को उठाके छाँव में रखो," कुणीतरी म्हणालं. शैला म्हणाली, "कुणी हात लावायचा नाही." गाडी तापत गेली. मी रुमाल भिजवून तिच्या डोक्यावर ठेवत होते. काका रफिकला घेऊन आले तोवर तिचे ओठ पांढरे पडले होते. काकांनी तिच्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

रफिकनं चेंबरला वेल्डिंग मारून दिलं. गाडी धडधाकट झाली, काका झाले नाहीत. आता ते सकाळी गाडीखाली बराच वेळ पडून राहायचे आणि उठून म्हणायचे, "आज नको शैला. नाहूरला नवा घातलाय म्हणतात." कधी म्हणायचे, "रात्री पाऊस झाला, पाण्याखालचा दिसत नाही." नसलेले स्पीडब्रेकरही त्यांना दिसायला लागले. आग्रा रोडवर साध्या सावलीपाशी ते गाडी थांबवायचे आणि मला म्हणायचे, "उतर." मी उतरून बघायची, तर रस्ता सपाट. ऑफिसला पोचायला अर्धी सकाळ जायची. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा शैला घरीच राहायला लागली. तिच्या साहेबांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं, असं चाललं तर कायम करता येणार नाही. तिच्या जागेवर बसायला बाहेर दहाजणी उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. शैला भात कालवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, उद्या पाऊस असो, काय वाटेल ते असो, मला जायचंय."

"बगूया सकाळी."

"बगूया नाही. जायचंय."

"चेंबर परत गेला तर? उन्हात तशी परत बसशील?"

"बसेन. नाहीतर कुणाला तरी सांगेन उचलायला."

काका अगदी हळू म्हणाले, "गाडी कुणासाठी घेतली मी?"

"माझ्यासाठी घेतलीस. आता मी गाडीसाठी घरात बसू?"

काकांनी ताट सारलं आणि ते गाडीपाशी जाऊन बसले. मला त्या दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. ज्या माणसानं तिला कुणाच्या हातात न पडता जगात जायला शिकवलं, त्याच माणसाच्या भीतीनं तिला दारात अडवून ठेवलं होतं. आणि तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शैलाला सोपं गेलं असतं.

दोन-तीन आठवड्यांत शैलानं बँकेपासून जवळच नोकरी करणाऱ्या मुलींच्या होस्टेलमध्ये तळमजल्यावरची खोली मिळवली. तिथून ऑफिसला ती चौरंगावरून स्वतः जाऊ शकत होती. काकांनी ऐकून घेतलं. "कधी सोडू तुला?" एवढंच विचारलं. त्या रविवारी त्यांनी पहाटे उठून गाडी धुतली, पुसली, पुढची सीट झटकली आणि दरवाजा उघडून उभे राहिले. शैलानं मला आधीच टॅक्सी बोलवायला सांगितलं होतं. मला वाटलं होतं की ती आयत्या वेळी मन बदलेल. टॅक्सी फाटकाबाहेर येऊन थांबली. शैला चौरंगावरून आली, उघड्या दरवाजापाशी क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

टॅक्सीवाला वयस्कर होता. शैला त्याला म्हणाली, "भैया, उचलून बसवा." त्यानं हात पँटला पुसले आणि परवानगीसाठी काकांकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघता? मला विचारा," शैला म्हणाली. "काखेत हात घाला. हां. आता उचला."

त्यानं उचललं. तिनं डोळे मिटले नाहीत, तोंड फिरवलं नाही. मी तिच्या शेजारी बसले. टॅक्सी सुटली आणि गल्लीच्या तोंडाशी त्या विटा-डांबराच्या बांधावरून धाडकन गेली. शैलाचं डोकं टपावर आपटलं. "लागलं?" मी घाबरून विचारलं. तिनं मानेनं नाही म्हटलं, पण ती रडत होती. मागच्या काचेतून मी पाहिलं. काका अजून गाडीचा दरवाजा धरूनच उभे होते.

शैला पुढे कायम झाली. माझं लग्न झालं, मी बोरीवलीला गेले. काकांनी गाडी भंगारात दिली असं आईकडून कळलं. ते आता फारसे कुणाशी बोलत नाहीत, घराबाहेर पडतात ते रविवारीच, असंही ती म्हणाली.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते शैलाच्या होस्टेलच्या अंगणात. मी तिला भेटायला गेले होते. पुरुषांना व्हरांड्याच्या आत सोडत नसत, म्हणून ते अंगणातल्या लाकडी बाकावर डबा घेऊन बसले होते. पार वाळले होते. शैला व्हरांड्यातून आली. तिथं अंगणात उतरायला पायऱ्या होत्या. ती चौरंगावरून खाली सरकली, तळहात टेकून एकेक पायरी उतरायला लागली, आणि एका हातानं चौरंग मागून ओढत होती. काका अर्धवट उठले. मग पुन्हा बसले आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ती जमिनीवर येऊन चौरंगावर चढेपर्यंत ते तसेच बसून होते.

ती ठोकळे टेकत बाकापाशी आली. तिची ओढणी पायऱ्यांवरच्या धुळीनं भरली होती. ती झटकायला काकांनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"झटकू?" त्यांनी विचारलं.

"झटक ना रे बाबा," शैला म्हणाली. "विचारतोयस काय?"

काका ओढणी झटकत राहिले. धूळ केव्हाच गेली होती. मी फाटकातूनच मागे फिरले.